कंसातली नावे : नोंद वाचण्याचा आणि बदलण्याचा इतिहास

पुणे-मुंबई लोहमार्गावरच्या कान्हे स्थानकापासून इंद्रायणी ओलांडून गेले की आंदर मावळ सुरू होते. या खोऱ्याच्या तोंडाशी टाकवे बुद्रुक हे गाव आहे. 'बुद्रुक' हा शब्द फारसी 'बुजुर्ग'वरून आलेला. थोरले ते बुद्रुक आणि धाकटे ते खुर्द. मावळ तालुक्यातच टाकवे खुर्दही आहे. गावातली माणसे बोलताना नुसते 'टाकवे' म्हणतात आणि ऐकणाऱ्याला कोणते ते बरोबर कळते. कागदाला मात्र ते कळत नाही. बुद्रुक की खुर्द हे लिहिल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. इंग्रजीत हेच नाव तीन-चार तऱ्हांनी लिहिलेले आढळते, म्हणून आता जनगणनेने दिलेला गावाचा सांकेतांक हीच संगणकापुरती गावाची खरी ओळख झाली आहे.

टाकवे बुद्रुक हे माझे मूळ गाव. माझा व्यवसाय प्रोग्राम लिहिण्याचा. त्यातही माझ्या वाट्याला आलेले बरेचसे काम एकाच जातीचे : ठरावीक रचनेत लिहिलेली माहितीची फाइल उघडायची, ती वाचायची, तिच्यातली एखादी बाब बदलायची आणि फाइल पुन्हा जशीच्या तशी लिहून ठेवायची. बाहेरच्या माणसाला हे काम कारकुनी वाटते आणि ते कारकुनीच आहे. पण गावच्या सातबाऱ्याचे जुने उतारे लावत बसलो तेव्हा ध्यानात आले की या कारकुनीला आपल्याकडे निदान १,९०० वर्षांचा इतिहास आहे. आणि तिच्यातला कळीचा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत तोच आहे. नोंद बदलायची तर आहे, पण आधी काय होते हे पुसले जाता कामा नये. हे कसे साधायचे?

याची पहिली उदाहरणे दगडात आहेत, आणि त्यांतले एक मावळातच आहे. कार्ल्याच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. वलूरक येथील, म्हणजे या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दिल्याचे तो सांगतो. त्याच लेण्यात दुसरा लेख आहे. तो सातवाहन राजाचा आहे, आणि अभ्यासक तो गौतमीपुत्र सातकर्णीचा मानतात. मामाल येथील अधिकाऱ्याला उद्देशून लिहिलेल्या या आज्ञेत तेच गाव त्याच भिक्षूंना दिले आहे. मामाल म्हणजेच आपले मावळ. सत्ता बदलली, म्हणून दान नव्या राजाच्या नावाने पुन्हा नोंदवावे लागले. आजच्या भाषेत हा फेरफार झाला. आणि जुना लेख कोणी छिन्नीने उडवला नाही. दोन्ही नोंदी एकाच लेण्यात आहेत.

नाशिकच्या लेण्यांतले लेख याहून बोलके आहेत. गौतमीपुत्राने तिथल्या भिक्षूंना २०० निवर्तने शेत दिले. ते शेत पूर्वी उषवदाताच्या भोगवट्यात होते, हे लेखातच म्हटले आहे. पुढे दुसरी आज्ञा निघाली. पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या राजाच्या शेतातून १०० निवर्तने द्यावीत, असे तिच्यात आहे. जुनी नोंद कोणती, ती का बदलली आणि नवी काय, या तिन्ही गोष्टी लेखात आहेत. तिथल्याच उषवदाताच्या लेखाच्या शेवटी, हे सर्व निगमसभेत ऐकवले आणि रीतीप्रमाणे फलकावर निबद्ध केले, असे सांगितले आहे. आधी लोकांना ऐकवायचे आणि मग नोंदवायचे, हा क्रम पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

पेशवाईपर्यंत येईतो दगडाची जागा कागदाने घेतली. गावचे दप्तर कुळकर्ण्याच्या घरी रुमालात बांधलेले असे आणि मोडीत लिहिलेले असे. जमिनीची प्रत, लागवड, वसूल, बाकी हे सगळे त्यात असे. पण ते वाचण्याची किल्ली एका घराण्याकडे होती. शेते ओळखायची ती नावांनी : आंब्याचे, विहिरीजवळचे, ओढ्याकाठचे. आंबा वठला तरी शेताचे नाव आंब्याचेच राहायचे. गावापुरते ते चालत होते. दूरच्या कचेरीत बसून शंभर गावांचा हिशेब मांडणाऱ्याला ते चालण्यासारखे नव्हते.

१८१८ नंतर इंग्रजांनी पुणे जिल्ह्याची मोजणी काढली ती याच गरजेतून. पहिली मोजणी प्रिंगल यांची. शेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा ठरवायचा, असे तिचे तत्त्व होते. पुस्तकात ते नेटके दिसे. प्रत्यक्षात आकडे गोळा करणाऱ्यांच्या लबाडीने आणि आकारणीच्या ओझ्याने ती मोजणी कोसळली. मग १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यातून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने सुरुवात केली. त्यांनी उत्पन्नाच्या खोल हिशेबाचा नाद सोडला. शेताची हद्द, क्षेत्र आणि जमिनीची प्रत आण्यांत, एवढेच नोंदवायचे. प्रत्येक शेताला एक क्रमांक, आणि आकारणी ३० वर्षांसाठी कायम. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत पक्की झाली.

प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर यातला मोठा शोध सर्व्हे नंबराचा आहे. माणूस मरतो, जमीन विकली जाते, पीक बदलते, आंबा वठतो. क्रमांक बदलत नाही. जे बदलत नाही त्याला किल्ली करायचे आणि बदलणाऱ्या सगळ्या गोष्टी तिच्याभोवती टांगायच्या, हा माहितीच्या रचनेचा पहिला धडा. आमच्या धंद्यात तो विसाव्या शतकात सिद्धांत म्हणून शिकवला गेला; मावळातल्या शेतकऱ्याच्या बांधावर तो १९व्या शतकातच दगड होऊन उभा राहिला.

पण ही नोंद सरकारच्या सोयीची होती. सारा कोण भरतो हे तिला ठाऊक होते, हक्क कोणाचा हे नव्हते. गहाण, वाटणी, कूळ, बहिणीचा हिस्सा यांना तिच्यात घरच नव्हते. सावकारीच्या प्रश्नावर १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून दख्खनचे दंगे पेटले. १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. तरीही जमिनीवर नेमके कोणाचे काय आहे, हे सांगणारी वही यायला १९०३ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने अधिकार अभिलेख, म्हणजे हक्काची नोंद, सुरू झाली आणि १९१३ मध्ये ती जमीन महसुलाच्या मूळ कायद्यात सामील झाली. अँडरसन नावाच्या आय.सी.एस. अधिकाऱ्याने महसुली हिशेबाचे मॅन्युअल रचले. तलाठ्याच्या दप्तरातले १ ते २१ गाव नमुने त्या परंपरेतले आहेत.

सातबारा हा एक कागद आहे असे आपण समजतो. वस्तुतः तो दोन नमुन्यांचा जोड आहे. नमुना सात हा अधिकार अभिलेख, नमुना बारा ही पिकांची नोंदवही. सातवर भोगवटादार, क्षेत्र, पोटखराबा, आकार आणि 'इतर अधिकार'. बारावर त्या वर्षी काय पेरले ते. एका खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र पाहायची तर आठ-अ, आणि या सगळ्यात झालेला प्रत्येक बदल ज्या वहीत आधी लिहायचा ती नमुना सहा, फेरफार नोंदवही. सातवर प्रत्येक नावाजवळ वर्तुळात एक आकडा असतो. हा सहाच्या वहीतला फेरफार क्रमांक. हे नाव इथे कसे आले, याचे उत्तर तो आकडा धरून गेले की मिळते. एक वही दुसरीकडे बोट दाखवते, पण तिची नक्कल करत नाही.

आणि बदल? तो थेट सातवर करता येत नाही. खरेदी, वारस, वाटणी, बोजा, काहीही असो. आधी खबर, मग सहामध्ये नोंद. ती चावडीत लावायची, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी १५ दिवस थांबायचे. हरकत आली तर ती वादग्रस्त प्रकरणांच्या वेगळ्या वहीत, सहा-अमध्ये. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की मगच तलाठ्याने सातला हात लावायचा. तेव्हाही जुने नाव खोडायचे नाही, खरवडायचे नाही. त्याला कंस करायचा, नवे नाव फेरफार क्रमांकासह खाली लिहायचे. 'त्याच्या नावाला कंस झाला' हा शब्दप्रयोग मावळात आजही ऐकू येतो. हक्क गेला, पण नाव वाचता येते.

माझ्या धंद्यातही कंस आहेत, आणि पुष्कळ आहेत. रचना असलेली माहिती साध्या मजकुराच्या फाइलीत लिहायची तर कोणते काय, हे खुणांनी सांगावे लागते. १९६९ मध्ये आय.बी.एम. कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मजकुराला खुणा लावण्याची भाषा रचली; तिच्यातून १९८६ चे एस.जी.एम.एल. हे आंतरराष्ट्रीय प्रमाण निघाले आणि १९९८ मध्ये एक्स.एम.एल. २००१ च्या सुमारास डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेसन ही आटोपशीर लेखनपद्धत पुढे आणली. महिरपी कंसात नावे आणि त्यांच्या किमती, चौकटी कंसात याद्या. पायथन ही भाषा १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. स्वल्पविरामाने तोडलेल्या तक्त्यांची फाइल वाचण्याचे साधन तिच्या संचात २००३ मध्ये आले आणि जेसनचे २००८ मध्ये. आज कॉलेजातला मुलगा चार ओळींत अशी फाइल वाचतो, एक किंमत बदलतो आणि परत लिहितो.

त्या चार ओळींत धोका कुठे असतो? वाचताना प्रोग्राम फाइलीचे तुकडे करून आपल्या स्मृतीत एक झाड उभे करतो. बदल त्या झाडात होतो, कागदावर नाही. मग झाड पुन्हा मजकुरात उतरवले जाते आणि नवा मजकूर जुन्याच्या जागी बसतो. ज्या गोष्टीला झाडात फांदी नाही, ती या फेऱ्यात गळून पडते. एक्स.एम.एल. फाइलीत माणसाने माणसासाठी लिहिलेले शेरे पायथनचे नेहमीचे साधन वाचतानाच टाकून देते. जेसनमध्ये शेरा लिहायची सोयच क्रॉकफर्ड यांनी ठेवली नाही; लोक शेऱ्यांतून प्रोग्रामला सूचना देऊ लागले होते, हे त्याचे त्यांनी दिलेले कारण. म्हणून मुरलेला प्रोग्रामर मूळ फाइलीवर कधी लिहीत नाही. नवी फाइल वेगळी लिहितो, तपासतो, मग तिची जागा बदलतो, आणि जुनी जपून ठेवतो. तलाठ्याच्या भाषेत सांगायचे तर आधी सहा, मग सात, आणि जुन्याला कंस.

शेऱ्याची गोष्ट मावळात फार महत्त्वाची आहे, कारण इथली खरी भांडणे नेहमी रकान्याबाहेर राहिली. सात मालकाचे सांगतो, बारा जमिनीवर काय उभे आहे ते. कसणारा वेगळा असेल तर त्याची खूण कुठे तरी 'इतर अधिकारा'त किंवा वहिवाटीच्या रकान्यात. १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून कसत होता, तो कायद्याने जमिनीचा खरेदीदार मानला गेला. एका रात्रीत एका दुर्लक्षित रकान्याला मालकीचे वजन आले. ज्याच्या कसण्याची नोंद होती तो वाचला. ज्याच्या घामाची नोंद कोणी केली नव्हती, त्याला साक्षीदार शोधत फिरावे लागले.

गावाच्या वरच्या अंगाला, खोऱ्याच्या डोक्याशी, ठोकळवाडीचे धरण आहे. टाटांच्या वीज कंपनीने ते बांधले. कंपनी १९१६ मध्ये स्थापन झाली आणि १९२२ मध्ये घाटाखाली भिवपुरीला वीज निघू लागली. नदीचे नाव आंद्रा. कंपनीच्या इंग्रजी नावात तिचे स्पेलिंग 'आंध्र' वाचले जाईल असे झाले, आणि परका माणूस अजून विचारतो की आंध्राचा मावळाशी काय संबंध. शेजारच्या मुळशीत अशाच धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह उभा केला, तो याच दशकातला. नोंदवहीतल्या एका ओळीत शेत 'पाण्याखाली' जाते. त्या ओळीला घर, देव, वाट यांचे रकाने नसतात.

त्यानंतर किल्लीच बदलण्याचा प्रसंग आला. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या १९४७ च्या कायद्याखाली गावोगाव योजना झाल्या, तुकडे जोडले गेले आणि सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. जुने खरेदीखत सर्व्हे नंबराने बोलते, नवा सातबारा गटाने. दोघांमधला दुभाषा म्हणजे एकत्रीकरणाचा तक्ता. तो हरवला तर दोन पिढ्यांचे कागद एकमेकांना ओळखत नाहीत. मापेही बदलली. ४० गुंठ्यांचा एकर गेला, १०० आरांचे हेक्टर आले. एक एकर म्हणजे ४०.४७ आर. चार भावांनी दहा-दहा गुंठे वाटून घेतलेले शेत आरांत मांडले की प्रत्येकाला १०.१२ येतात आणि बेरीज ४०.४८ होते. फरक किती, तर एक चौरस मीटर. पण बेरीज जुळत नाही म्हणून संगणक नोंद अडवू शकतो.

संगणकाचा प्रवेश केंद्राच्या योजनेतून १९८० च्या दशकाच्या अखेरीस झाला. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमिअभिलेख आधुनिकीकरणाचा कार्यक्रम आला. महाराष्ट्रात जवळजवळ अडीच कोटी सातबारा उतारे हाताने लिहिलेल्या वह्यांतून संगणकात उतरवायचे होते. या कामाचे मोल कमी लेखू नये. जगात फार थोड्या ठिकाणी एवढ्या वह्या एका भाषेत, एका रचनेत, घरबसल्या पाहता येतात. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून नमुना बारासाठी शेतकरी स्वतःच फोनवरून पीक पाहणी नोंदवू लागला. टाकव्याच्या खाचरातला इंद्रायणी भात आता मालकच भरतो. हे वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये बाहेर पडले, हेही जाता जाता सांगायला हवे.

पण वहीतली माहिती फाइलीत उतरवणे म्हणजे नक्कल नव्हे, ते भाषांतर असते. उदाहरण म्हणून एखादा हिस्सा क्रमांक घ्या : '१/२'. तक्त्याच्या प्रोग्रामात तो टंकला की त्याचे '१ फेब्रुवारी' किंवा '२ जानेवारी' होते. प्रोग्रामला ती तारीख वाटते. हे फक्त आपल्याकडे घडत नाही. याच खोडीने जनुकांची नावे तारखांत बदलतात, म्हणून २०२० मध्ये त्या नावांचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने काही मानवी जनुकांची नावेच बदलून टाकली. क्षेत्र '०.४०.५०' असे लिहितात : हेक्टर, आर, चौरस मीटर. दोन टिंबांची संख्या कोणत्याच यंत्राला संख्या वाटत नाही. आणि मराठीचे स्वतःचे दुखणे आहे 'ऱ' हे. 'कुऱ्हाडे' हे आडनाव युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येते. एकात नुक्ता असलेला र, दुसऱ्यात साधा र आणि मागे एक न दिसणारी जोडखूण. पडद्यावर दोन्ही एकसारखी दिसतात. संगणकाला मात्र ते बाप-लेक वेगळ्या आडनावांचे वाटतात. त्याआधी तर प्रत्येक फाँटची लिपी निराळी होती. पुण्यातच १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने आणि १९९१ च्या भारतीय प्रमाणाने त्यात शिस्त आणायचा यत्न केला, पुढे युनिकोडने घर एक केले. पण जुने मजकूर नव्या घरात नेताना काही काना-मात्रा वाटेत सांडणारच.

हे शासनालाही ठाऊक होते. म्हणूनच हस्तलिखित आणि संगणकीय सातबारा जुळवून दुरुस्त करण्यासाठी आधी 'एडिट' आणि मग 'री-एडिट' अशा फेऱ्या झाल्या. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची वाट जमीन महसूल संहितेच्या, म्हणजे १९६६ च्या कायद्याच्या, कलम १५५ मध्ये आहे. आणि २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचन झाले. संगणकातले सातबारे गावासमोर मोठ्याने वाचून दाखवायचे, चुकले असेल तर लोकांनी सांगायचे. नाशिकच्या लेखातला 'निगमसभेत ऐकवले' हा शब्द १,९०० वर्षांनी मावळच्या चावडीत परत आला. दोन्हीकडे समज एकच आहे. फाइल बरोबर आहे की नाही, हे फाइल सांगू शकत नाही. ज्यांच्याविषयी ती आहे त्यांनी ऐकून सांगावे लागते.

माझ्या घरापुरते मी एक काम केले, ते इथे सांगतो, कारण त्याची पद्धत कोणालाही वापरता येईल. आजोबांच्या ट्रंकेत जुने उतारे आणि फेरफारांच्या नकला होत्या. जे नव्हते ते अर्ज करून मिळवले. प्रत्येक फेरफाराची एक नोंद केली : क्रमांक, तारीख, प्रकार, कमी झालेली नावे, दाखल झालेली नावे, क्षेत्र, आणि शेरा जसाच्या तसा. सगळे एका जेसन फाइलीत. मग प्रोग्राम लिहिला. त्याने सर्वांत जुना सातबारा घ्यायचा, फेरफार क्रमाने एकेक लागू करायचे आणि शेवटी जे उरेल ते आजच्या सातबाऱ्याशी ताडायचे. वही खरी असेल तर दोन्ही सारखे यायला हवेत.

एका गटात एका ओळीचा फरक आला. आजोबा वारल्यावर झालेल्या वारसाच्या फेरफारात मुलांची नावे कब्जेदार म्हणून लागली होती आणि आत्याचे नाव, त्या काळच्या रीतीप्रमाणे, 'इतर अधिकारा'त. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर ते नाव होते. आजच्या उताऱ्यावर नव्हते. मी सगळे फेरफार पुन्हा पाहिले. हक्क सोडल्याचा फेरफार नाही, वाटणीचा नाही, विक्रीचा नाही. नाव कमी करणारी नोंदच नव्हती. ते कोणी काढले नव्हते. वहीतून फाइलीत येताना ते मागे राहिले होते. आत्याला हे सांगायला गेलो. ती ऐकून घेऊन म्हणाली, "अरे, निदान कंस तरी केला होता का रे माझ्या नावाला?"

मला वाटते, या विषयावर याहून नेमका प्रश्न विचारता येणार नाही. कंस असता तर त्यामागे एक फेरफार असता, त्याला तारीख असती, नोटीस असती, हरकतीची मुदत असती. भांडता आले असते. नाव नुसते नाहीसे होते तेव्हा भांडायला समोर कोणीच नसते. आंदर मावळात कारखाने आले, शेतघरे आली, गुंठ्याचा भाव कुठल्या कुठे गेला. अशा वेळी एका ओळीची किंमत किती, हे वाचकांना सांगायला नको. जुन्या उताऱ्याची नक्कल आणि फेरफारांची यादी जोडून कलम १५५ खाली अर्ज दिला. काही महिन्यांनी नाव परत आले. माझ्या चुलत्यांनी हरकत घेतली नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो. सगळ्या घरांत तसे होत नाही.

कायद्याची भूमिका इथे समजून घ्यावी. संहितेचे कलम १५७ म्हणते की अधिकार अभिलेखातली नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा कायदेशीरपणे नवी नोंद होईपर्यंत, खरी मानली जाईल. म्हणजे नोंद हे गृहीतक आहे. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. पण सिद्ध करण्याचे ओझे ज्याचे नाव नाही त्याच्यावर पडते. हे ओझे बहुधा बाईच्या, कुळाच्या, धरणग्रस्ताच्या डोक्यावर असते. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. कायद्याच्या पुस्तकात ती ओळ वाढली. गावाच्या फाइलीत ती वाढायला प्रत्येक घरात एक फेरफार व्हावा लागतो.

२०२५ च्या एप्रिलपासून राज्यात 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावणे हे तिचे काम. नाव चांगले आहे. नोंद जिवंत ठेवायची म्हणजे ती बदलत राहायला हवी, आणि तिचा मागचा श्वासही ऐकू यायला हवा. अशा मोहिमेत घाई असते, आणि घाईत 'इतर अधिकार' मागे राहतात.

म्हणून वाचकांना एक विनंती. दिवाळीत गावी जाल तेव्हा आपल्या गटाचा आजचा उतारा काढा, आणि तलाठी कार्यालयात किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात त्याच गटाचा हस्तलिखित उतारा आणि फेरफारांच्या नकला मागा. पुण्याजवळच्या गावांत तो जुना कागद दर पावसाळ्यात थोडा अधिक विरतो आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. नवीन कोण आले हे सगळेच बघतात. आधी कोण होते आणि कोणत्या क्रमांकाने गेले, ते बघा. क्रमांक सापडला तर इतिहास पुरा आहे. सापडला नाही तर घरातल्या थोरल्या आत्याला, मावशीला विचारा. त्यांना बहुधा आठवत असते.